सही कोणाची? : आरोग्यमंत्र्यांस एक अनावृत पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई, यांस



आपल्या खात्याच्या अधीन असलेल्या कोणत्याही जिल्हा रुग्णालयात, शस्त्रक्रियांच्या दिवशी सकाळी, शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या व्हरांड्यात जो कोणी घटकाभर उभा राहील, त्याच्या कानी एक प्रश्न पुनःपुन्हा पडल्यावाचून राहणार नाही : ‘पेशंटबरोबर कोण आहे?’ विचारणाऱ्या सिस्टरच्या हाती एक छापील कागद असतो, त्यावरील मजकूर बहुधा इंग्रजी असतो, आणि सही कोठे करावयाची ती जागा फुलीने अगोदरच दाखवून ठेवलेली असते. हाकेसरशी पुढे येतो तो मुलगा, जावई, दीर किंवा गावाहून सोबतीला आलेला एखादा शेजारी. तो सही करतो, नाते लिहितो, दिनांक घालतो. आणि ज्याच्या देहावर आता सुरी चालावयाची आहे तो इसम, सज्ञान, शुद्धीवर आणि आपल्या दुखण्याविषयी बाहेरच्या मंडळींहून पुष्कळच अधिक जाणणारा, आतल्या खाटेवर पडलेला असतो. त्याला कोणी काही विचारीत नाही असे नव्हे. सकाळपासून काही खाल्ले आहे काय, दात खोटे आहेत काय, अंगावर दागिना राहिला आहे काय, हे सारे त्यालाच विचारले जाते. एवढा एकच प्रश्न व्हरांड्यात विचारला जातो.

हे पत्र त्या प्रश्नासंबंधी आहे. आमच्या रुग्णालयांत संमती घेतली जात नाही, अशी माझी तक्रार नाही. संमतीचे कागद तेथे गठ्ठ्यांनी आहेत. तक्रार ही, की ती संमती भलत्याकडून घेतली जाते. सात-बाऱ्यावरील एक गुंठा जमीन विकावयाची झाली, तर दुय्यम निबंधक मालकाला समक्ष हजर करवितो, त्याची ओळख पटवितो, अंगठा उठवून घेतो. मालक बाहेरच्या बाकावर बसला असताना त्याच्या थोरल्या मुलाच्या सहीवर खरेदीखत नोंदविण्याचे धाडस कोणताही कारकून करणार नाही. गुंठाभर जमिनीला आपण जी दक्षता देतो ती आतड्याला, गर्भाशयाला किंवा गुडघ्याखालच्या पायाला देत नाही, आणि यात आपले काही चुकते आहे असे सही घेणाऱ्याला वाटत नाही, देणाऱ्यालाही वाटत नाही, आणि बहुतेक वेळा खुद्द रुग्णालाही वाटत नाही. चूक इतकी सर्वमान्य झाली की तिला रीत म्हणतात.

ही रीत आजची नव्हे, हे मान्य केले पाहिजे. चरकसंहितेत, उदररोग हाताबाहेर गेला असता विषप्रयोगासारखा अखेरचा उपाय योजण्यापूर्वी वैद्याने कोणाकोणाची अनुज्ञा घ्यावी, याची एक यादीच दिलेली आहे : ज्ञाती, सुहृद, पत्नी, ब्राह्मण, राजा आणि गुरुजन. उपाय न केल्यास मृत्यू निश्चित आणि केल्यास संशय, हे त्यांना स्पष्ट सांगून मग कर्म करावे, असा तेथला दंडक आहे. त्या यादीत स्वतः रोगी नाही. पण जो आचार्य रोग्याला यादीत घालावयास विसरला, तो ‘संशय सांगून’ एवढी अट घालावयास मात्र विसरला नव्हता, हेही प्राचीनांना नावे ठेवण्याआधी ध्यानात घ्यावे. आमच्या छापील कागदाने रोगी तर वगळलाच, संशयही वगळला. कारण ‘सर्व धोके मला समजावून देण्यात आले आहेत’ हे वाक्य ज्यावर आधीच छापून ठेवलेले आहे, त्या कागदावर एकही धोका लिहिण्यास जागा सोडलेली नसते.

आधुनिक नियमही या बाबतीत फार पुढे गेलेले नाहीत. वैद्यकव्यवसायाच्या आचारासंबंधी २००२ साली जे केंद्रीय विनियम झाले, त्यांत शस्त्रक्रियेपूर्वी लेखी संमती घ्यावी असे म्हटले आहे खरे. परंतु ती कोणाची, हे सांगताना प्रथम पती अथवा पत्नी, मग अज्ञान व्यक्तीच्या बाबतीत मातापिता वा पालक, आणि सर्वांत शेवटी, यथास्थिति, खुद्द रुग्ण, असा क्रम लावलेला आहे. आणि ज्या शस्त्रक्रियेने वंध्यत्व येण्याचा संभव असेल तिच्यासाठी पतिपत्नी दोघांचीही संमती हवी, असे पुढे जोडले आहे. याच देशाच्या संसदेने १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्यात सज्ञान आणि मनोरुग्ण नसलेल्या स्त्रीच्या बाबतीत तिच्या एकटीच्या संमतीखेरीज दुसऱ्या कोणाच्या संमतीची गरज ठेवलेली नाही. म्हणजे जी गोष्ट कायदेमंडळाला तीन दशके आधी उमगली होती, ती वैद्यकांच्या परिषदेला उमगली नाही. या विनियमांची जागा घेणारे नवे विनियम २ ऑगस्ट २०२३ रोजी जाहीर झाले आणि त्याच महिन्याच्या २३ तारखेस स्थगित झाले. तेव्हा २००२ चीच मखलाशी पुन्हा अमलात आली. ती बदलणे आपल्या अधिकारात नाही, हे मी जाणतो. पण राज्याच्या रुग्णालयांत सही कोणापुढे न्यावी, हे ठरविण्यासाठी दिल्लीकडे पाहण्याचे कारण नाही. कारण त्या बाबतीत दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजीच निःसंदिग्ध निर्णय देऊन ठेवलेला आहे.

तो खटला आपल्या सल्लागारांनी आपणास सांगितला असेलच. तरी वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. चव्वेचाळीस वर्षांची एक अविवाहित स्त्री १९९५ च्या मे महिन्यात दीर्घकाळच्या रक्तस्रावाची तक्रार घेऊन दिल्लीतील एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेली. दुर्बिणीने पोट तपासून निदान करावयाचे ठरले, त्यासाठी भूल देण्यात आली, आणि ती बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या तिच्या वृद्ध आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय, बीजांडकोश आणि बीजनलिका काढून टाकण्यात आल्या. डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता, हे न्यायालयाने मानले. परंतु प्राणावर बेतलेला कोणताही प्रसंग नव्हता, रुग्ण सज्ञान होती, आणि थोड्याच वेळात ती शुद्धीवर येणार होती; अशा स्थितीत आईला, ती आई असली तरी, लेकीच्या देहाविषयी होकार देण्याचा अधिकार नाही, थांबावयास हवे होते, असा निकाल झाला. शस्त्रक्रियेची फी नाकारण्यात आली आणि वर पंचवीस हजार रुपये भरपाई देण्याचा हुकूम झाला. रक्कम लहान आहे. मला ती फारच लहान वाटते. पण त्या निकालाने संमती खरी केव्हा मानावी याची जी मोजपट्टी दिली ती लहान नाही : उपचाराचे स्वरूप, त्याचा हेतू, लाभ आणि परिणाम, उपलब्ध असलेले अन्य मार्ग, मोठे धोके, आणि उपचार नाकारल्यास काय होईल, इतके सारे रुग्णाला, त्याला तोल साधून निर्णय घेता येईल अशा बेताने, सांगितले गेले पाहिजे. दूरान्वयाने संभवणारा प्रत्येक अपाय सांगून त्याला घाबरवावे असे न्यायालय म्हणत नाही. आमच्या देशातील वैद्यकाची गरिबी आणि गर्दी ध्यानात घेऊन, जाणूनबुजून माफक ठेवलेले हे माप आहे. आणि तेवढ्या मापालाही आमचा फुलीचा कागद उतरत नाही.

आता जो आक्षेप अशा वेळी हटकून निघतो, त्याकडे वळतो. ‘रुग्णाला काय कळते?’ हा तो आक्षेप. तो वयोवृद्धांविषयी निघतो, निरक्षरांविषयी निघतो, आदिवासींविषयी निघतो आणि स्त्रियांविषयी तर न उच्चारताही निघालेलाच असतो. यावर कायद्याने काय म्हणावे? गंमत अशी, की या प्रश्नाचे सर्वांत सुबोध आणि कलमबद्ध उत्तर आपल्याकडे मनोरुग्णांसाठी केलेल्या कायद्यात सापडते. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, जो मे २०१८ पासून अमलात आला, तो असे धरून चालतो की, मानसिक आजार असलेली व्यक्ती धरून प्रत्येक माणूस आपल्या मानसिक उपचारांविषयी निर्णय घेण्यास समर्थ आहे. त्याने संबंधित माहिती समजून घ्यावी, निर्णयाचे किंवा निर्णय न घेण्याचे संभाव्य परिणाम त्याच्या ध्यानी यावेत, किंवा बोलून, खुणेने, हावभावाने किंवा अन्य कोणत्याही मार्गाने तो निर्णय त्याने व्यक्त करावा, इतके पुरे. माहिती द्यावयाची ती त्याला समजेल अशा भाषेत आणि अशा रीतीने. आणि पुढे त्या कायद्याने जे एक वाक्य घातले आहे ते मला सर्वांत मोलाचे वाटते : त्याचा निर्णय इतरांना अयोग्य किंवा चुकीचा वाटला, एवढ्यावरून तो निर्णय घेण्यास असमर्थ आहे असे ठरत नाही. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील मनोरुग्णालयांत दाखल असलेल्या माणसाला अशी ही लेखी प्रतिष्ठा लाभली, आणि त्याच शहरांतील सामान्य रुग्णालयात हर्नियासाठी आलेल्या, हिशेबी डोक्याच्या किराणा दुकानदाराच्या वाट्याला मात्र ‘बरोबर कोण आहे?’ एवढेच आले, हा उलटा न्याय आपणास विचित्र वाटत नाही काय?

कारण निर्णयक्षमतेविषयी शंका केव्हा निघते, हे पाहण्यासारखे असते. रुग्णाने ‘हो’ म्हटले, की त्याच्या बुद्धीची परीक्षा कोणी घेत नाही. मग तो कितीही गोंधळलेला असो. त्याने ‘नाही’ म्हटले, की ती परीक्षा सुरू होते. माझ्या एका आत्याबाईंची हकिकत सांगतो. मधुमेहाने त्यांचे पायाचे बोट काळे पडले होते, आणि एका शहरातील रुग्णालयात गुडघ्याखाली पाय काढण्याचा सल्ला मिळाला. आत्या शाळेत चौथीपलीकडे गेलेल्या नव्हत्या, पण त्यांनी विचारलेले प्रश्न एखाद्या वकिलाला शोभले असते : नुसते बोट काढून भागेल काय, पाय ठेवला तर किती दिवसांत काय होईल, आणि काढला तर त्यांच्यासारख्या एकट्या राहणाऱ्या बाईला न्हाणीघरापर्यंत कोण नेईल. सारे ऐकून त्या म्हणाल्या, बोट काढा, पाय राहू द्या. त्या क्षणापर्यंत त्यांच्याशी सरळ बोलणारे तरुण डॉक्टर माझ्याकडे वळले आणि खालच्या आवाजात विचारते झाले, ‘यांना अलीकडे विसरायला होतं का?’ पुढे काय झाले, हे मी येथे मुद्दाम सांगत नाही. कारण आत्यांचा निर्णय अखेर बरोबर ठरला की चूक ठरला, यावर तो घेण्याची त्यांची पात्रता अवलंबून नव्हती.

असाच, पण याहून कितीतरी अवघड प्रसंग १९९३ साली इंग्लंडातील न्यायालयापुढे आला होता. ब्रॉडमूर येथील सुरक्षित मनोरुग्णालयातील अडुसष्ट वर्षांच्या एका रुग्णाच्या पायाला गँग्रीन झाले. पाय न कापल्यास जगण्याची आशा शंभरांत पंधरा, असे शल्यविशारदाचे मत पडले. आणि रुग्णाने नकार दिला. हा रुग्ण छिन्नमनस्कतेने ग्रासलेला होता, आपण जगप्रसिद्ध डॉक्टर आहोत असा त्याचा भ्रम होता. तरीही न्यायमूर्तींनी पाहिले ते एवढेच, की पायासंबंधी सांगितलेली माहिती त्याने ध्यानात धरली काय, तिच्यावर त्याचा विश्वास बसला काय आणि ती तोलून त्याने निवड केली काय; आणि तसे झालेले दिसल्यावर त्याचा नकार त्यांनी मान्य केला. तो जगला ही गोष्ट वेगळी. निकाल देताना ती कोणासच ठाऊक नव्हती. माणूस एका बाबतीत भ्रमिष्ट असला तरी दुसऱ्या बाबतीत शहाणा असू शकतो, आणि बँकेचा हिशेब ज्याला जमत नाही त्याला आपला दात काढावा की ठेवावा हे ठरविता येते, ही साधी गोष्ट त्या निकालाने मान्य केली. क्षमता ही माणसावर कायमची मारलेली मोहोर नसून त्या त्या निर्णयापुरती आणि त्या त्या वेळेपुरती पाहावयाची बाब आहे. सकाळी नीट बोलणारे आजोबा संध्याकाळी रक्तातील सोडियम उतरल्याने बरळू लागतात, आणि सलाइन लागल्यावर पुन्हा ताळ्यावर येतात. त्यांची संमती सकाळी घ्यावी, चष्मा आणि कानातील यंत्र देऊन घ्यावी, झोपेचे इंजेक्शन टोचण्याच्या आधी घ्यावी. एवढे केले तरी ‘असमर्थ’ ठरणाऱ्यांची संख्या पुष्कळच कमी होईल, असा माझा समज आहे.

हे न केल्याने कोठवर मजल जाते, याची उदाहरणे शोधावयास महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही. १९९४ च्या फेब्रुवारीत, पुण्याजवळच्या शिरूर येथील शासकीय वसतिगृहात राहणाऱ्या मतिमंद मुलींपैकी काहींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढून टाकण्यात आली. कारण सांगितले गेले ते मासिक पाळीच्या वेळच्या स्वच्छतेचे. ज्या शासनाकडे त्या मुलींचे पालकत्व होते, त्याच शासनाची ती तजवीज होती. स्त्रीसंघटनांनी आवाज उठविला तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. या मुलींना सारे समजले असते, असे मी म्हणत नाही. पण त्यांतील कोणाला कितपत समजते, हे एकेकीजवळ बसून पाहण्याची गरज कोणास वाटली नाही. ‘मतिमंद’ या एका नोंदीत सगळ्यांचा निवाडा झाला. पुढे २००९ मध्ये चंडीगढच्या एका संस्थेतील सौम्य बौद्धिक अपंगत्व असलेल्या तरुणीचा गर्भ तिच्या इच्छेविरुद्ध पाडू देण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला, आणि मूल हवे हे तिचे म्हणणे ग्राह्य धरले. पण शिरूरच्या मुलींसाठी त्या निकालाला पंधरा वर्षे उशीर झाला होता.

बीडची गोष्ट याच्या अगदी उलट जातीची आहे, आणि म्हणूनच अधिक विचार करावयास लावणारी आहे. ऊसतोडणीला जोडप्याने जाणाऱ्या, मुकादमाकडून उचल घेतलेल्या आणि ‘कोयता’ या एका नावाखाली नवऱ्यासह मोजल्या जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्या जातात, हे २०१९ साली उघडकीस आले. शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. या स्त्रिया सज्ञान होत्या, शहाण्या होत्या, आपल्या पायांनी दवाखान्यात गेल्या होत्या, आणि कित्येकींनी कागदावर अंगठा स्वतःच उठविला होता. निर्णयक्षमतेची कोणतीही कसोटी लावा, त्या उत्तीर्ण होतात. पण त्यांना सांगितले काय गेले? पिशवीला सूज आहे, राहू दिली तर कॅन्सर होईल. आणि न सांगता त्यांना ठाऊक काय होते? एक दिवस काम बुडाले तर खाडा पडतो, आणि खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात. भीतीने किंवा गैरसमजातून दिलेली संमती ही संमतीच नव्हे, असे आमचा फौजदारी कायदा ब्रिटिश अमदानीपासून सांगत आला आहे. पण भीती मुकादमाची आणि गैरसमज डॉक्टरने घातलेला, अशी दोघांत वाटणी झाली म्हणजे गुन्हा कोणाच्याच पदरात पडत नाही. शिरूरला क्षमता पाहिली गेली नाही आणि बीडला माहिती दिली गेली नाही, आणि रुग्णालयाच्या दफ्तरी दोन्हीकडचे कागद बिनचूक असतील, असेच मला वाटते.

डॉक्टरांची बाजू न मांडता हे पत्र पुरे केले तर तो अन्याय होईल. नातेवाइकाची सही डॉक्टर का घेतो? रुग्ण दगावला तर दगड घेऊन येणारा रुग्ण नसतो, नातेवाईक असतो. वैद्यकीय व्यावसायिकांवरील हल्ले रोखण्यासाठी या राज्याला २०१० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि तरीही निवासी डॉक्टरांचे संप काही थांबले नाहीत. ज्या प्रसूतिकक्षात एका खाटेवर दोघी झोपतात, तेथे प्रत्येकीला पर्याय समजावीत बसा असे सांगणे म्हणजे मुंबईत बसून नंदुरबारला उपदेश करणे होय, हेही मला कळते. पण सही हे संरक्षण आहे, ही त्यांची समजूतच खोटी आहे. दिल्लीच्या त्या खटल्यात आईची सही डॉक्टरांना वाचवू शकली नाही. उद्या बुलढाण्याच्या एखाद्या शल्यचिकित्सकावर ग्राहक आयोगात फिर्याद झाली, तर जावयाची सही त्याच्या कामी येणार नाही. रुग्णाशी काय बोलणे झाले याची, त्याच दिवशी केलेली चार ओळींची नोंद मात्र येईल.

आणि कुटुंब हे काही रुग्णाचे वैरी नव्हे. आमच्याकडे आजारपण एकट्याचे कधीच नसते. डबा कोणी आणायचा, रात्री कोणी थांबायचे, कर्ज कोणाच्या नावे काढायचे, हे सारे घर ठरविते, आणि ज्याने कर्ज काढावयाचे त्याचे मत विचारात घेऊ नये असे म्हणणे हा निव्वळ पुस्तकी शुद्धपणा होईल. कित्येक वृद्ध स्वखुशीने म्हणतात, ‘मला काही सांगू नका, पोराला सांगा, तो म्हणेल ते.’ हाही एक निर्णयच आहे, आणि मान देण्याजोगा आहे. मात्र तो त्या वृद्धाने घेतला पाहिजे, त्याच्या वतीने पोराने नव्हे. कर्करोगाचे निदान झाल्याबरोबर डॉक्टरांच्या खोलीबाहेर ‘बाबांना सांगू नका’ अशी जी विनवणी सुरू होते, ती प्रेमापोटी असते यात शंका नाही. पण बाबांना केमोथेरपीचे केस गळणे दिसते, मुलांचे चेहरे दिसतात, आणि ज्या उरलेल्या महिन्यांचा विनियोग त्यांनी स्वतः ठरविला असता, ते महिने घरातले सगळे मिळून एकमेकांशी खोटे बोलण्यात घालवितात. ‘आपल्या दुखण्याविषयी आपणास सांगावे, की आपण नेमाल त्याला सांगावे?’ एवढा एक प्रश्न दाखल होतानाच रुग्णाला विचारण्याची पद्धत पडली, तर डॉक्टरांची या पेचातून सुटका होईल.

जे खरोखरच असमर्थ असतात त्यांचे काय? अपघातात बेशुद्ध झालेल्याच्या बाबतीत कायदा स्वच्छ आहे : प्राण वाचविण्यासाठी सद्भावनेने केलेल्या उपचाराला संमतीची वाट पाहावी लागत नाही, पूर्वीच्या दंडसंहितेतील ९२ वे कलम आता न्यायसंहितेत ३० वे झाले आहे, अर्थ तोच. महामार्गावरील जखमीला ‘नातेवाईक येऊ द्या’ म्हणून तिष्ठत ठेवणे हे संमतीच्या तत्त्वाचे पालन नसून त्याची विटंबना आहे. पण पक्षाघाताने वाचा आणि समज दोन्ही गेलेल्या, किंवा स्मृतिभ्रंश वाढत गेलेल्या माणसाच्या वतीने, घाई नसलेल्या उपचारासाठी, कोणी बोलावे याचा क्रम लावून देणारा सर्वसाधारण कायदा आपल्या देशात नाही. कोमात गेलेल्या नवऱ्याच्या बायकोला मुखत्यार होण्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत अर्ज घेऊन जावे लागते. या पोकळीची जखम मुंबईने जवळून पाहिली आहे. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग १९७३ पासून २०१५ पर्यंत, बेचाळीस वर्षे, त्याच रुग्णालयात पडून होत्या. त्यांच्यासाठी काय इच्छावे, हे सांगण्याचा अधिकार कोणाचा, यावर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवाडा करावा लागला, आणि तो अधिकार न्यायालयाने याचिकाकर्तीला न देता त्यांची शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयाच्या लोकांना दिला. त्यानंतर २०१८ मध्ये, शुद्धीवर असताना लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राला न्यायालयाने मान्यता दिली, आणि २०२३ च्या जानेवारीत त्याची जाचक रीत सैल करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे ते साक्षांकित करण्याची मुभा दिली. हे आपल्या राज्यात किती जणांना माहीत आहे? पेन्शनीत निघालेल्या प्रत्येक सरकारी नोकराला निवृत्तिवेतनाच्या कागदांबरोबर त्याचा एक नमुना देता येईल. त्याला खर्च कागदाचा तेवढाच.

माझी मागणी मोठी नाही. खासगी रुग्णालयांवर २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागी लावण्याचे बंधन आलेले आहे. भिंतीवरची सनद खाटेपर्यंत आणणारा एक शासन निर्णय आपण काढावा, एवढेच मागणे आहे. संमती ज्याच्यावर शस्त्रक्रिया व्हावयाची त्याचीच घ्यावी, नातेवाइकाची सही साक्षीदार म्हणून घ्यावी आणि तसे त्या रकान्याखाली छापावे. ती घेण्याचे काम ज्याने शस्त्रक्रिया करावयाची त्या डॉक्टरचे, सिस्टरचे किंवा वॉर्डबॉयचे नव्हे. आणि ठरलेली शस्त्रक्रिया असेल तर आदल्या दिवशी. कोणास असमर्थ ठरवावयाचे झाले, तर कोणत्या निर्णयापुरते, कोणत्या कारणाने, आणि पुन्हा केव्हा तपासणार, हे लिहिल्याशिवाय तसे ठरवू नये. नकार देणाऱ्यासाठी ‘डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध’ हा जो धमकीवजा कागद आहे, त्यावर उपचाराचे पुढचे दार उघडे आहे अशी एक ओळ असावी. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि नंदुरबारात भिली जाणणाऱ्या माणसाची सोय असावी. आशा कार्यकर्त्या तेथे आहेतच, पण त्यांच्या या कामाला मानधनाच्या पत्रकात रकाना असला पाहिजे. ससून आणि जे. जे. ही वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, केईएम आणि नायर मुंबई महापालिकेकडे, आणि जिल्हा रुग्णालये आपल्याकडे, अशी ही तीन संस्थाने आहेत; तेव्हा तिघांची सही एकाच कागदावर मिळविण्याचे कष्ट आपणास घ्यावे लागतील. रुग्णाची सही मिळविण्याहून ते अवघड आहे, याची मला कल्पना आहे.

एक गोष्ट राहिली. नव्या संमतिपत्राचा मसुदा कायद्याच्या भाषेत इंग्रजीत करून मग त्याचा मराठी तर्जुमा भाषा संचालनालयाकडून करवून घेण्याचा जो शिरस्ता आहे, तो या एका कागदापुरता मोडावा. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने शासनाची भाषा मराठी ठरलेली आहे. मसुदा तिच्यातच लिहिला जावा. आणि तो आपल्या सहीसाठी येण्यापूर्वी खात्याच्या एखाद्या अधिकाऱ्याने कोणत्याही जिल्हा रुग्णालयाच्या स्त्रियांच्या जनरल वॉर्डात जावे, दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया असलेल्या बाईजवळ स्टूल ओढून बसावे, तो तिला मोठ्याने वाचून दाखवावा, आणि जी वाक्ये तिला कळली नाहीत तेवढी खोडून पुन्हा लिहावीत.

कळावे.

आपला नम्र,
एक नागरिक